फरशीवरून सायकल

बोरजाई (ता. वाशीम)
११ ऑक्टोबर १९३६

भाई इब्राहीमला चंपतचा रामराम.

तुझं कार्ड मिळालं. तुझ्या अम्माला, म्हणजे माझ्या खालाला, वाचून दाखवलं. तिनं ते दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाली, "त्याले लिह, छापखान्यात शिशाचा वास घेऊन राह्यला तं दूध पेत जाय." म्हणून लिहितो, दूध पीत जा. तुझी अम्मा बरी आहे. बांगड्यांची टोपली घेऊन रोजच्या जागी, कापड दुकानापुढं बसते. डाव्या कानानं मात्र आता अजिबात ऐकू येत नाही. त्या बाजूनं कुणी बोललं की मुद्दाम हळू बोलला म्हणून भांडायला उठते.

आता माझं ऐक. मंगळवारी मी मरता मरता वाचलो. कापसाच्या गाड्या सुरू झाल्या आहेत. वेशीपासून जिनिंग कारखान्यापर्यंत गाडीला गाडी लागलेली असते. सकाळची टपालाची थैली घेऊन मी त्यांच्यातून नाक्याकडे चाललो होतो. समोरून वाशीमच्या मोटारीनं भोंगा दिला, एका गाडीचे बैल बुजले, गाडी आडवी झाली आणि मी सायकलसकट चाकाखाली जाता जाता राहिलो. सायकलचं मागचं चाक चेपलं. माझा हात कोपरापासून मनगटापर्यंत सोलून निघाला. गाडीवान खाली उतरला. मला वाटलं उचलतो. तर म्हणतो, "घंटी काहून वाजवतं बे? बैल काय तुया बापाचे नोकर हायेत?"

पोष्टमास्तरांनी आधी विचारलं थैलीचं काय झालं, मग सायकलचं, मग माझं. मोटार दिवस उगवायला सुटते. तिच्यावर थैली चढली नाही तर ठपका माझ्यावर.

गावात आता नऊ सायकली झाल्यात. आम्ही सगळ्यांनी मिळून गावच्या कमिटीकडे अर्ज करायचं ठरवलं आहे. दुकानांपुढं दोन्ही अंगांनी काळ्या दगडाची फरसबंदी आहे, चार हात रुंद, रस्त्याहून वीतभर उंच. सकाळी ती मोकळीच असते. तिथून सायकली जाऊ द्या, एवढंच मागायचं. मला सरकारी भाषा जमत नाही. तू छापखान्यात दिवसभर तसल्याच मजकुराचे खिळे जुळवतोस. चार ओळी लिहून पाठव.

तुझा
चंपत


नागपूर
१८ ऑक्टोबर १९३६

दोस्त चंपत, सलाम.

हाताला हळद लावलीस की नुसता दुखवत बसला आहेस? आवडावहिनींना सांग, तुझं ऐकू नका, पट्टी बांधा.

अर्जाचं खरं सांगू का, मला पटत नाही. इथं नागपुरात सायकल फुटपाथवर चढवली तर शिपाई कान धरून खाली उतरवतो. सायकल ही गाडीच आहे. तिला चाकं आहेत, वेग आहे, लोखंड आहे. तू म्हणतोस रस्त्यावर जीव जातो. जातो, कबूल. कारण रस्त्यावर तू सगळ्यांत लहान आहेस. पण फरशीवर चढलास की तूच सगळ्यांत मोठा. तिथं म्हातारी माणसं चालतात, बाया टोपल्या घेऊन बसतात. माझी अम्मा बसते.

हे लिहून झालं आणि तुझा सोललेला हात डोळ्यांपुढं आला. आपल्या वर्गातला किसनसिंग गाडीखाली गेला, त्याला तू नि मीच पहिले पाहिलं होतं. तुला तसं पाहायचं नाही मला. म्हणून मसुदा सोबत पाठवतो आहे. त्यात एक ओळ मी माझ्या मनानं घातली आहे: "ज्या जागी माणसे बसलेली वा चालत असतील, त्या जागी सायकलस्वाराने खाली उतरून सायकल हाती धरून न्यावी." ही ओळ राहू दे.

ईदला येईन असं वाटतं. पण इथं निवडणुकीच्या मतदार याद्या छापायला आल्यात. मालक रजेचं नाव काढू देत नाही.

इब्राहीम


बोरजाई
९ नोव्हेंबर १९३६

भाई इब्राहीमला रामराम.

अर्ज मंजूर! तुझ्या भाषेला दाद द्यायला हवी. कमिटीच्या अध्यक्षांनी विचारलं, "हे कोनं लिहून देल्लं? वकील केला काय?"

दवंडी झाली ती अशी. कापसाचा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे होळीपर्यंत, बाजारातल्या रस्त्यावर सायकल चालवायची नाही. सायकलवाल्यांनी फरशीवरूनच जावं. आम्ही मागितलं होतं की जाऊ द्या. त्यांनी करून टाकलं की जावंच लागेल. गाडीवाल्यांनीही आमच्याविरुद्ध अर्ज दिला होता म्हणे, सायकलींनी बैल बुजतात म्हणून. दोन्ही अर्जांचा एकच निकाल लागला.

पहिले चार दिवस मला मोठं सुख वाटलं. दगड गुळगुळीत, धूळ नाही, नाक्यापर्यंत अर्ध्या वेळात पोचतो. पण लोकांची तोंडं पाहवत नाहीत. कुणी आपली पायरी धुवून ठेवतो, कुणी मुद्दाम बाज आडवी टाकतो. दूधवाला मोहनसिंग रोज माझ्या मागोमाग असतो, कॅन खडखडत. त्याला तर एकानं शेणच फेकून मारलं. तुझी अम्मा मला म्हणाली, "काहून रे चंपत, आता तुमी आमच्या मांडीवरून जासान काय?" मी म्हटलं, "खाला, रस्त्यावर गेलो तर दंड आहे." म्हणाली, "मंग पायी चाल. खुदानं दोन पाय कायले देल्ले?"

पायी गेलो तर मोटार सुटते.

चंपत


बोरजाई
४ डिसेंबर १९३६

भाई इब्राहीम यास रामराम.

घाबरू नकोस. अम्मा पडली आहे. काल गुरुवारच्या बाजारासाठी, ईदच्या नवीन बांगड्या घेऊन ती रोज्याची सहरी खाऊन पहाटेच निघाली होती. धुकं फार होतं. फरशीवर कुणा सायकलचा धक्का लागला असं लोक म्हणतात. उजव्या मांडीला वरच्या अंगाला लागलं आहे. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाय फळीला बांधून ठेवला आहे. शुद्धीवर आहे, बोलते. आवडा दोन्ही वेळ तिच्याजवळ असते, मीही कचेरीतून सुटलो की तिथंच जातो.

रजेसाठी मालकाशी भांडू नकोस. जे लागेल ते आम्ही करू.

चंपत


नागपूर
१० डिसेंबर १९३६

दोस्ता,

तुझं पत्र दोन वेळा वाचलं. "कुणा सायकलचा धक्का लागला" असं तू लिहितोस, जसं काही झाडावरून फांदी पडली. कापड दुकानदारांचं पत्रही कालच आलं. त्यांनी सगळं लिहिलं आहे. अम्मा फरशीवर बेशुद्ध पडली होती, बांगड्यांचा चुरा भोवती पसरला होता, आणि तू नाक्याकडून धावत आलास आणि तिला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत गेलास. हे तू मला का नाही लिहिलंस? एवढं करून स्वतःचं नावही घेत नाहीस. मला सख्खा भाऊ नाही याचं दुःख आजपासून संपलं.

मी रजा मागितली. मालक म्हणाला, जायचं तर कायमचा जा. इथली जागा सोडली तर अम्माला घालू काय? छापखान्याच्या दारात उभा राहून परत खिळ्यांपाशी येऊन बसलो. काल दिवसभर गावोगावच्या मतदारांची नावं जुळवत होतो आणि एकही नाव दिसत नव्हतं.

तो सायकलवाला कोण, ते शोध. त्या वेळेला फरशीवरून कोण कोण जातं हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. तक्रार तुझ्याच हातानं लिही. आणि चंपत, मसुदा मी दिला होता हे मला विसरता येत नाही. मी ती ओळ घातली होती ना? उतरून चालावं म्हणून? मग त्यानं का नाही पाळलं?

इब्राहीम


बोरजाई दवाखाना
१९ डिसेंबर १९३६

बेटा इब्राहीम, तुले अम्माची दुआ.

मी सांगून राह्यली आन् चंपत लिहून राह्यला. त्याले म्हनलं, मी बोलते तसंच लिह, तुयं पुस्तकातलं घालू नोको.

पाय आतून ठनकते. कूस बदलता येत नाई. डोक्यावर एक खिडकी हाये, पन मान वळवली तं फक्त आभाळ दिसते. ईद इथंच गेली. आवडानं शेवया आनल्या. रोजे अर्धे सुटले त्याचं वाईट वाटते.

लोकायनं दूधवाल्या मोहनसिंगले धरलं. म्हनतात त्या वक्ती फरशीवरून जानारा थोच. कमिटीनं त्याची सायकल कुलपात टाकली, बाजारात येन्याची बंदी केली. त्याची बायको रुपाबाई काल येऊन मायाजवळ रडली. म्हने, "बुढे माय, तुमी एकदा सांगा, हा नव्हता म्हनून." मी तिले काय सांगू? धक्का मांगून बसला, डाव्या आंगानं. मले ऐकू आलं नाई. दगडावर तोंड आपटलं. मोहनसिंग होता का नव्हता थे मी कशी सांगू? ज्याले ठाऊक असन थो सांगीन.

चंपत, हे बी लिहलं काय? लिह.

तू जेवत जाय.

रहमतबी

(ता. क. वरचं सगळं खालाच्या सांगण्यावरून जसंच्या तसं लिहिलं आहे. डॉक्टर म्हणतात पाय जुळेल पण आखूड राहील. — चंपत)


नागपूर
२६ डिसेंबर १९३६

दोस्ता,

अम्माचं पत्र वाचलं. तुझं अक्षर किती बिघडलं आहे! जागरणं करतोस, दुसरं काय. स्वतःलाही जप.

मोहनसिंगची मला दया येत नाही. बायकोला रडायला पाठवतो, स्वतः तोंड उघडत नाही. कमिटीची चौकशी दहा जानेवारीला आहे असं दुकानदारांनी कळवलं. याद्यांचं काम तोवर उरकेल, मी येतो. पहिल्यांदा पोचणारा तू, तेव्हा साक्ष तुझीच महत्त्वाची. जे पाहिलंस ते न भिता सांग.

पुढचं अम्माला वाचून दाखव: अम्मा, ज्यानं तुला रोज्यात पाडलं आणि मागं वळून पाहिलं नाही, त्याला खाल्लेलं अन्न पचू नये, त्याच्या अंथरुणाला ऊब राहू नये, आणि तो जिथं जाईल तिथं त्याचं काम त्याच्या तोंडावर लिहिलेलं दिसावं. मी येतोय.

इब्राहीम


बोरजाई
२ जानेवारी १९३७

इब्राहीम,

हे पत्र तुला मिळेल तोवर इथं सगळ्यांना कळलेलं असेल. पण तुला ते माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो.

तो मी होतो.

त्या दिवशी थैली उशिरा बांधून झाली. नाक्यावर मोटारीचा भोंगा ऐकू आला. धुक्यात चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं, पण रोजची फरशी, रोजची वाट, म्हणून मी जोरानं हाणली. घंटी वाजवली होती. तिच्या डाव्या बाजूनं वाजवली. समोर काळं काही हललं आणि मग बांगड्या फुटल्याचा आवाज झाला. इब्राहीम, असा आवाज मी आधी ऐकला नव्हता. शेकडो एकदम. मी उठलो. ती पालथी पडली होती, हलत नव्हती. मला तोंड पाहायची गरज नव्हती, टोपली ओळखीची होती.

मोटारीनं दुसरा भोंगा दिला.

मी थैली उचलली आणि गेलो. लगेच परत यायचं, असं म्हणूनच गेलो. सायकलचा दांडा वाकला होता, ती नाक्यावरच ठेवली आणि पळत परत आलो. तेवढ्यात पाच-दहा माणसं जमली होती. कुणीतरी ओरडलं, "चंपत आला, चंपत, हात लाव!" मी हात लावला. मी तिला पाठीवर घेतलं. दवाखान्यापर्यंत लोक म्हणत होते, पाहा, मानसाचं काळीज असावं तं असं. कुणी विचारलंच नाही तर कुठं थांबून सांगू, असं मी स्वतःला समजावलं. दवाखान्याच्या पायरीवर सांगता आलं असतं. नाही सांगितलं. त्यानंतर प्रत्येक दिवस आधीच्या दिवसापेक्षा जड होत गेला. तू मला भाऊ म्हणालास त्या दिवशी तर दार बाहेरून कुणी लावल्यासारखं झालं.

आणखी एक आहे. तुझ्या मसुद्यातली ती ओळ, उतरून चालावं ही, अर्जाची नक्कल करताना मीच गाळली. रोज उतरत बसलो असतो तर मोटार सापडली नसती.

परवा तुझं पत्र घेऊन दवाखान्यात गेलो. "पुढचं अम्माला वाचून दाखव" असं तू लिहिलं होतंस. मी वाचलं. अन्न पचू नये. ऊब राहू नये. माझ्याच तोंडानं, तिच्या उजव्या कानाशी, मोठ्यानं. ती आभाळाकडे पाहत होती. म्हणाली, "पुन्हा वाच." मी सुरू केलं आणि पत्र खाली ठेवलं. मग म्हटलं, "खाला, मी होतो."

ती म्हणाली, "मले ठाऊक हाये."

"कधीपासून?"

"तू थैली उचलली तवापासून. डोये पुरे मिटले नव्हते, मेली बी नव्हती. खाकी पायजमा पाह्यला मी."

मी विचारलं, मग इतके दिवस का नाही बोललीस? यावर ती जे बोलली ते तसंच लिहितो.

"कोनाजवळ बोलू? इब्राहीमले कळवाचं तं चिठ्ठी तूच लिहनार. तुयं नाव सांगतलं असतं तं थे लिहाले बी तूच लागत होता. पानी पाजाले तू, कूस बदलाले तुयी बायको. मी तुया हातात होती, चंपत. मले भेव लागे. रोज तू लिहाले बसला का मी म्हनो, आता लिहीन, आता तरी लिहीन. त्या दिवशी म्हनलं बी, ज्याले ठाऊक असन थो सांगीन. तू थे बी लिहून टाकलं, सही मागली आन् उठला."

मला वाटत होतं अडकलो तो मी एकटा. ती महिनाभर त्या फळीला बांधलेली, आणि तिच्या उशाशी मी.

काल सकाळी पोष्टमास्तरांना सांगितलं, मग कमिटीत जाऊन लिहून दिलं. मोहनसिंगच्या घरीही गेलो. त्यानं दार उघडलं, ऐकून घेतलं आणि पुन्हा लावलं. दहा तारखेला सगळ्यांसमोर पुन्हा सांगायचं आहे.

मला माफ कर असं लिहायला बसलो होतो. तो शब्द लिहवत नाही.

चंपत


नागपूर
३१ जानेवारी १९३७

चंपत,

अम्माला इथं घेऊन आलो आहे. तुला दुसरीकडून कळण्यापेक्षा मीच कळवतो.

दहा तारखेला मी चौकशीला आलो होतो. मागे दाराशी उभा होतो. तू मला पाहिलं नाहीस, किंवा पाहून मान वळवलीस. तू बोललास ते सगळं ऐकलं. काही गाळलं नाहीस, मसुद्यातली ओळसुद्धा सांगितलीस. मोहनसिंग माझ्या बाजूलाच होता. कमिटीनं त्याची सायकल परत देण्याचा हुकूम वाचला तेव्हा तो मला म्हणाला, "सायकल भेटली, पन महिनाभर लोक मायाकडं पाहून थुंकले, थे कोन परत देईन?" मीही मनातून तेच करत होतो.

दुसरी दवंडी ऐकली. आता बाजारात सायकल चालवायचीच नाही, रस्त्यानं नाही आणि फरशीवरूनही नाही. हातात धरून न्यायची. हे सुचायला माझ्या अम्माचं हाड लागलं.

तुला भेटायला आलो नाही. तुझ्या दारावरून गेलो, आवडावहिनी अंगणात होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. मला थांबवलं नाही.

मी स्वतःलाही सोडलेलं नाही. मला पटत नव्हतं तरी मी शब्द दिले, आणि चांगले दिले, कमिटीनं वकील समजावं इतके चांगले. पण तू माझ्याकडून भाऊ म्हणवून घेतलंस, चंपत. ते पत्र वाचून तू गप्प राहिलास.

मला पत्र लिहू नकोस.

इब्राहीम


बोरजाई
२२ फेब्रुवारी १९३७

रहमतबी खालाला चंपतचा नमस्कार.

इब्राहीमनं मला लिहू नको म्हणून सांगितलं आहे. हे त्याला नाही, तुला आहे. वाचून दाखवायचं की नाही ते त्यानं ठरवावं.

नोकरी गेली नाही. सायकल काढून घेतली आणि मला रिठदकडच्या खेड्यांची पायी फेरी दिली. सकाळी निघतो, दिवस मावळताना परत येतो. त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते बाजारातून जाताना. रस्त्यानं गेलो तर गाडीवान बैल थांबवून म्हणतात, "जाऊ द्या, साहेबाले मोटार पकडाची हाये." फरशीवर चढलो तर बाया टोपल्या आत ओढून घेतात. पायी चालतो तरी ओढून घेतात. गाव सोडावं असं रोज वाटतं. नोकरी इथली, बापाचा मळा इथला, आवडाला सातवा महिना आहे. कुठं जाऊ?

तुझ्या जागेवर अजून कुणी बसलेलं नाही. आसेगावची एक बांगडीवाली बसायला आली होती. दुकानदारांनी तिला सांगितलं, ही जागा रहमतबीची आहे.

पाय कसा आहे, एवढंच कुणाकडून तरी कळव.

चंपत


नागपूर
१४ मार्च १९३७

चंपत, तुले रहमतबीची दुआ.

तुयी चिठ्ठी आली. इब्राहीमनं तीन दिवस खिशात ठेवली, चौथ्या दिवशी वाचून दाखवली. आता मी सांगून राह्यली आन् थो लिहून राह्यला. त्याचं तोंड फुगलं हाये. म्हने, मी त्याले लिहनार नाई. मी म्हनलं, तुले कोन लिहाले सांगते? चिठ्ठी मायी हाये, तू फक्त हात चालव.

पाय आखूड झाला. काठी घेऊन खोलीत चालते. खोली तिसऱ्या माळ्यावर हाये. जिना असा का एका वक्ती एकच मानूस जाईन, आन् कठडा नाई. दीड महिना झाला, मी खाली उतरली नाई. मायाशी बोलाले कोनी नाई. इब्राहीम सकाळी जाते, दिवे लागता येते. खालून रस्त्याचा आवाज येते, घंट्या, भोंगे, सगळं. मी खिडकीत बसून रायते. दवाखान्यात आभाळ तरी दिसे. इथं समोरची भिंत दिसते.

त्याले म्हनलं, मले गावी नेऊन घाल. थो म्हनते, तिथं तुले कोन पाहीन? मी म्हनलं, तिथं मले भांडाले मानसं हायेत.

तू जे केलं थे मी विसरली नाई. पाय विसरू देत नाई. कूस बदलली का आठवते. पन तुया तोंडून आयकलं त्या दिवसापासून मले भेव वाटत नाई. एवढंच झालं, जास्त समजू नोको.

वर चढवलं तवा इब्राहीम आन् शेजारचा गफ्फार होता. गफ्फार आता कामठीले गेला. परक्याच्या खांद्यावर बसाची मले लाज वाटते. खाली उतरवाले दोन मानसं लागतात. एक इब्राहीम हाये. होळी झाली का तू ये.

रहमतबी

अम्माचं वर संपलं. जिना फार उभा आहे, पुढं धरणाऱ्यानं उलटं उतरावं लागतं. अकोल्याची गाडी सकाळी पोचते. रविवारी मी घरी असतो.

इब्राहीम